हंटरवालीचा दुय्यम दर्जा

कडक स्वभावाच्या बाईला आपल्याकडे आजही सर्रास ‘हंटरवाली’ म्हणतात. शाळेच्या मुख्याध्यापिका, कचेरीतल्या साहेबीणबाई, चाळीतल्या पोरांना धाक लावणाऱ्या एखाद्या काकू, यांच्या पाठीमागे हा शब्द हळूच उच्चारला जातो. त्यात थोडी भीती असते आणि बरीचशी चेष्टा. माझे आजोबा गिरणीत कामाला होते. ते मात्र हा शब्द कौतुकाने वापरत. आजी नळावर कुणाची तरी चांगली खरडपट्टी काढून आली की ‘आली आमची हंटरवाली’ म्हणून ते हसत. मला तो घरगुती विनोद वाटे. या नावाचा एक बोलपट होता आणि त्याने मुंबई वेडी केली होती, हे मला फार पुढे, नोकरी सांभाळून जुन्या सिनेमाच्या जाहिराती नि गाण्यांची चोपडी जमवू लागले तेव्हा कळले.

एकाच शब्दात ही चेष्टा आणि हे कौतुक कसे मावले, या प्रश्नाने मला नादियापर्यंत नेले. तिचे चित्रपट ‘स्टंटपट’ म्हणून ओळखले जात. प्रतिष्ठितांच्या हिशेबी तो दुय्यम माल होता. माझे म्हणणे असे की, या दुय्यम दर्जामुळेच नादियाला पडद्यावर एक मोकळीक मिळाली, जी नामांकित संस्थांच्या नायिकांना मिळत नव्हती. आणि त्याच दर्जामुळे तिच्या वाट्याला यायला हवा होता तो मान पन्नासेक वर्षे लांबला.

नादियाचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे. वडील ब्रिटिश फौजेत, आई ग्रीक. वडिलांची पलटण हिंदुस्थानात आली तेव्हा, १९१३ साली, पाच वर्षांची मेरी मुंबईस आली. दोनच वर्षांनी वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. १९२२मध्ये मायलेकी पेशावरला गेल्या. घोडदौड, नेमबाजी, शिकार हे सारे ती तिथे शिकली. १९२८ साली ती मुंबईला परतली ती आई आणि एक लहान मुलगा यांच्यासह.

पुढची काही वर्षे पोटासाठी केलेल्या धडपडीची आहेत. काळ्या घोड्याजवळच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअरमध्ये तिने विक्रेतीचे काम केले. लघुलेखन आणि टंकलेखन शिकली. मादाम आस्त्रोवा या रशियन नृत्यशिक्षिकेकडे बॅले शिकून तिच्या ताफ्याबरोबर गावोगाव फिरली, मग झार्को सर्कशीत काम केले. ‘नादिया’ हे नाव याच काळातले. एका आर्मेनियन ज्योतिषिणीने इंग्रजी ‘एन’ हे अक्षर लाभेल असे सांगितले, म्हणून तिने ते घेतले. पुढे लाहोरच्या रीगल थिएटरचे व्यवस्थापक एरच कांगा यांनी तिची गाठ वाडिया बंधूंशी घालून दिली.

जमशेद आणि होमी वाडिया हे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध पारशी घराण्यातले. त्यांच्या वाडिया मूव्हिटोनच्या बोधचिन्हावरही जहाजच होते. १९३३ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा स्टुडिओ परळ-लालबागच्या गिरणी वस्तीत, वाडियांच्या लवजी कॅसल या जुन्या वास्तूत होता. त्यांचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’. त्यात गाणारा कोवळा राजपुत्र म्हणजे फिरोज दस्तूर, पुढे सवाई गंधर्वांचे शिष्य आणि किराणा घराण्याचे बुजुर्ग गायक. जमशेद उच्चविद्याविभूषित, वाचनाचे आणि राजकारणाचे वेडे, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. धाकटे होमी तंत्राचे आणि साहसदृश्यांचे वेडे. डग्लस फेअरबँक्सच्या तलवारबाजीच्या चित्रपटांवर दोघेही पोसलेले.

जमशेदना प्रथम या गोऱ्या, सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या मुलीचे काय करावे ते कळेना. त्यांनी ‘नंदादेवी’ हे नाव आणि काळ्या वेण्यांचा टोप सुचवला. नादियाने साफ नकार दिला. आपण हिंदुस्थानी नाही, खोट्या वेण्यांनी तसे होणारही नाही, असे तिचे म्हणणे. शिवाय ‘नादिया’ला ‘वाडिया’शी यमक जुळते, हेही तिने सुनावले. ‘देशदीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’मधल्या छोट्या भूमिकांनंतर, १९३५ साली, होमींच्या दिग्दर्शनाखाली ‘हंटरवाली’ तयार झाला.

कथा तशी जुन्याच साच्यातली. दुष्ट प्रधान राजाला कैद करतो, राजकन्या माधुरी मुखवटा चढवते आणि हाती हंटर घेऊन गरिबांची कैवारी बनते. खर्च सुमारे ८० हजार रुपये झाला. तेव्हाच्या मानाने ही रक्कम मोठी. पण गोरी बाई पुरुषांना बडवते असे चित्र घ्यायला वितरक धजेनात. अखेर वाडियांनी भागीदारांच्या साहाय्याने स्वतःच तो ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला. तो २५ आठवड्यांहून अधिक चालला. बाजारात तिच्या नावाचे हंटर आणि पट्टे विकायला आले. ‘हेऽऽऽय’ ही तिची ललकारी पोरांच्या तोंडी बसली. गिरीश कार्नाड यांनी पुढे एका लेखात या आरोळीला आपल्या बालपणातला सर्वांत संस्मरणीय आवाज म्हटले आहे.

नादिया पहिली साहसी नायिका नव्हती. पुढे खाष्ट सासू म्हणून आपल्याला ठाऊक झालेल्या ललिता पवार १९३१च्या ‘दिलेर जिगर’सारख्या साहसी मूकपटात नायिका होत्या. पण नादियाने पुढची दहा-बारा वर्षे एकामागून एक चित्रपटांत हेच केले, आणि तेही बदली माणूस न घेता. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) ती धावत्या आगगाडीच्या टपावर गुंडांशी झुंजते. ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये (१९४२) सिंहांबरोबर वावरते. धट्ट्याकट्ट्या पुरुषाला खांद्यावर उचलून फेकणे हा तर नेहमीचाच भाग. सोबतीला जॉन कावस किंवा बोमन श्रॉफ, ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा आणि ‘रोल्सरॉइस की बेटी’ नावाची खटारा मोटार. तिचे हिंदी उच्चार अडखळत, म्हणून संवाद मोजके. तोंडापेक्षा हातपाय जास्त बोलत.

या चित्रपटांकडे त्याच काळच्या प्रतिष्ठित चित्रपटांशेजारी ठेवून पाहिले तर फरक ध्यानात येतो. १९३६ सालीच ‘प्रभात’चा ‘अमरज्योती’ आला. दुर्गाबाई खोट्यांची सौदामिनी समुद्रावर चाचेगिरी करते. पण तिचे बंड घडते ते अन्यायी कायद्याने मूल हिरावले गेल्यामुळे, आणि बाईने असे करावे का हा वाद चित्रपटभर चालतो. पुढच्या वर्षीच्या ‘कुंकू’मधली नीरा म्हाताऱ्याशी लावलेले लग्न नाकारते, तेही प्रत्येक पावलावर युक्तिवाद करून. दोन्ही चित्रपट थोरच आहेत. परंतु त्यांतल्या बाईला बंडाची कैफियत द्यावी लागते. ‘मिस फ्रंटियर मेल’मधली सविता मात्र व्यायामशाळेत जाते, आखूड विजार घालते, मोटार हाकते, वडिलांवर आलेले खोटे बालंट स्वतःच्या हिमतीवर दूर करते, आणि बाई असून तू हे कसे करतेस, असा प्रश्न तिच्याभोवती वाद म्हणून उभाच राहत नाही. ‘डायमंड क्वीन’मधली (१९४०) मधुरिका मुंबईत शिकून गावी येते, साक्षरतेची बाजू घेते, बाईच्या स्वातंत्र्याबद्दल बोलते आणि पुढच्याच रिळात गुंडांना लोळवते.

ही मोकळीक आली कुठून? मला वाटते, स्टंटपटाकडे कुणी गंभीरपणे पाहतच नव्हते. सामाजिक चित्रपटातली नायिका ही घराघरातल्या मुलीबाळींपुढचा कित्ता मानली जाई, म्हणून तिच्या पदरापासून शेवटापर्यंत चर्चा होई. स्टंटपट पाहणारे चार आण्यांच्या पिटातले, गिरणीतले, टांगेवाले, गावोगावच्या तंबूतले. त्यांच्या करमणुकीतून समाज बिघडतो की सुधारतो याची चिंता करायला वृत्तपत्री पंडितांना सवड नव्हती. परकीय सरकारच्या सेन्सॉरला तोंड देत जुलमी सत्ता उलथवण्याच्या गोष्टी सांगायलाही काल्पनिक संस्थानाचा बुरखा उपयोगी पडे.

गोऱ्या कातडीचा भागही लपवण्यात अर्थ नाही. उघड्या पायांची, घोड्यावर मांड टाकलेली देशी मुलगी प्रेक्षकाने तितक्याच सहज स्वीकारली असती का, ही शंका रास्त आहे. मेमसाहेबीला ती सूट होती. पण त्याच मेमसाहेबीचे नाव पडद्यावर माधुरी किंवा सविता असे आणि ती लढे ती इथल्या रयतेच्या बाजूने. बाहेर गोऱ्या साहेबाचे राज्य आणि आत एक गोरी बाई आपल्या बाजूने हंटर उगारते आहे, यातली गंमत पिटातल्या माणसाला सांगावी लागत नसे.

खुद्द वाडियांच्या घरातही या दर्जाचा पेच होता. जमशेदना आता प्रतिष्ठेचे चित्रपट हवे होते. साधना बोस यांचा ‘राजनर्तकी’ (१९४१) हे त्याचे फळ. होमींना स्टंटपट सोडायचे नव्हते. १९४२मध्ये होमींनी ‘बसंत पिक्चर्स’ ही स्वतंत्र संस्था काढली, आणि ‘हंटरवाली की बेटी’ (१९४३) करून नादियाला पुन्हा उभे केले. परळच्या स्टुडिओची जागा व्ही. शांताराम यांच्याकडे गेली. तिथेच ‘राजकमल कलामंदिर’ सुरू झाले. ‘राजकमल’वर मराठीत किती लिहिले गेले आहे, आणि त्याच आवारात आधी हंटर कडाडत होता याचा उल्लेख किती ठिकाणी येतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

खाजगी आयुष्यातही नादियाला थांबावेच लागले. होमी आणि ती यांचे प्रेम जुने, परंतु पारशी घरात परधर्मीय सून होमींच्या मातोश्रींना मान्य नव्हती. जमशेदांचा पाठिंबा असूनही दोघांनी आईच्या हयातीत लग्न केले नाही. ते झाले १९६१ साली, नादिया ५३ वर्षांची असताना. पडद्यावर कुणाची परवानगी न मागणारी बाई घरच्या परवानगीसाठी इतकी वर्षे थांबली, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. तिने या थांबण्याचे भांडवल केले नाही. १९६८मध्ये, साठीत, होमींच्या ‘खिलाडी’तही ती पडद्यावर आली.

मान आला तो उशिरा. जमशेदांचे नातू रियाद विंची वाडिया यांनी १९९३ साली तिच्यावर माहितीपट केला. तो परदेशी महोत्सवांत गाजला आणि मग आपल्याकडच्या अभ्यासकांनीही वळून पाहिले. ९ जानेवारी १९९६ रोजी, ८८वा वाढदिवस उलटून एकच दिवस झाला असता, ती गेली.

चित्रपटांचा इतिहास आपण बहुधा थोर कलाकृतींच्या रांगेतून लिहितो. मला वाटते, त्यात पिटाच्या बाकांवरून पाहिलेल्या चित्रांची पाने घालायला हवीत. बाईच्या धाडसाला जिथे टाळ्या पडल्या ती जागा पुढच्या खुर्च्यांची नव्हती. हंटरवाली या शब्दातली चेष्टा पुढे कधीतरी येऊन चिकटली असावी. ज्यांनी तो आधी उचलला ते पिटातले होते. आजोबांनी तो चित्रपट पाहिला होता की नाही, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले. पण नळावरून भांडून आलेल्या बायकोला द्यायला त्यांना दुसरा कुठलाही किताब सुचला नव्हता, आणि आजीनेही तो कधी नाकारला नाही.