बातम्या सांगणारा सावळा चेहरा

बातमी सांगणाऱ्याचा चेहरा कसा असावा, हा प्रश्न नभोवाणीपुढे कधी उभा राहिला नाही. आवाज स्वच्छ आणि उच्चार शुद्ध असले म्हणजे तेथे काम भागते. दूरचित्रवाणी आली, वाणीला मुख लाभले आणि त्याबरोबर आपल्या घरोघरी दडून बसलेला रंगाचा प्रश्नही उघड्यावर आला. सावळी मुलगी गुणी असेल, पण ती चारचौघांत मिरविण्याजोगी आहे काय? ह्या प्रश्नाला ज्या मराठी तरुणीने आपल्या कामानेच उत्तर दिले, त्या स्मिता पाटील यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. जमेकात जन्मलेल्या बार्बरा ब्लेक हॅना ह्या कृष्णवर्णीय बाई १९६८ साली लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनवर वार्ताहर म्हणून झळकल्या. परंतु काही प्रेक्षकांनी तक्रारी केल्या आणि वर्षाच्या आतच त्यांचे काम गेले. पुढे १९८१ साली मॉयरा स्टुअर्ट बीबीसीवर बातम्या देऊ लागल्या, तेव्हा कोठे ते दार नीट उघडले. काम येते की नाही, हे पाहण्यापूर्वी कातडी पाहिली जाते, असा ह्याचा अर्थ.

स्त्रीने कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे मोल आपण कोल्हापूरकर तरी जाणतो. १९१३ साली दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातील तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके ह्या पुरुषाने वठविली. पुढे बाबूराव पेंटर यांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’त स्त्रियांनी भूमिका केल्या, त्या आपल्या ह्याच नगरीत. स्त्रीला पडदा मिळाला खरा. तथापि नायिकेचा रंग गोराच हवा, ही समजूत कायम राहिली. शाळांच्या स्नेहसंमेलनांतही सरस्वती गोरी आणि राक्षसीण काळी, हा प्रघात आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिला आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तेथे मराठी बातम्या देणाऱ्यांत स्मिताबाई होत्या. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. म्हणजे वयाची विशीही तेव्हा ओलांडली नव्हती. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेल्या ह्या मुलीचा वर्ण सावळा, डोळे मोठे आणि आवाज गंभीर होता. जीनवरच साडी गुंडाळून त्या बातम्यांना बसत, ही हकिकत तर प्रसिद्धच आहे.

येथे यंत्राची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले. तोवर पडदा कृष्णधवल होता. अशा पडद्यावर रंग नाहीसे होतात आणि उरतात केवळ उजेडाच्या कमीअधिक छटा. कॅमेरा गोऱ्या चेहऱ्याच्या बेताने लावला, तर सावळ्या चेहऱ्याचे बारकावे अंधारात बुडतात. दिवे आणि भिंगाचे तोंड त्याच्या बेताने लावले, तर तोच चेहरा ठसठशीत उमटतो. तात्पर्य, उणेपणा चेहऱ्यात नसतो. तो दिवे लावणाऱ्याच्या हिशेबात असतो. समाजाचेही तसेच आहे.

दूरदर्शनवरील हाच चेहरा श्याम बेनेगल यांच्या नजरेत भरला. ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’ हे त्यांचे चित्रपट आणि डॉ. जब्बार पटेल यांचे ‘जैत रे जैत’ व ‘उंबरठा’ आपल्या परिचयाचे आहेत. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ यांतील अभिनयासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८५ साली पद्मश्री लाभली, आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हे आयुष्य संपले.

मात्र एका व्यक्तीच्या यशाने रूढी मोडली, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील राज्यात मंत्री होते. ज्या सावळ्या मुलीच्या पाठीशी असे घराणे नसते, तिची वाट अधिक खडतर असते. शिवाय ज्या दशकात हा चेहरा बातम्या सांगत होता, त्याच दशकात, १९७५ साली, गोरेपणाचे आश्वासन देणारे ‘फेअर अँड लव्हली’ मलम बाजारात आले. त्याचे नाव बदलावयास २०२० साल उजाडावे लागले. आणि ‘गोरी वधू पाहिजे’ ही मागणी तर अजूनही ऐकू येते.

म्हणून पालकांना एवढीच विनंती, की आपल्या सावळ्या मुलीला उटणे आणून देण्याआधी तिच्या हाती वर्तमानपत्र द्यावे आणि ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. तिचे उच्चार ऐकावेत. चेहरा कोणता चांगला, हे ठरविण्याची घाई नको. आधी ती काय सांगते आहे, तिकडे कान द्यावा.