रक्तपेशींची ओळख

ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्याचे प्रकार अनेक. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातील अपक्व पेशी पुष्कळदा सारख्याच दिसतात, पण प्रत्येक प्रकाराचे औषध वेगळे. म्हणून पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने तपासतात. चमकणारी प्रतिपिंडे त्यांना चिकटवून एकेक पेशी लेसरसमोरून सोडतात. सीडी१९ आढळल्यास बी-पेशी, सीडी७ आढळल्यास बहुधा टी-पेशी, सीडी१३ व सीडी३३ आढळल्यास मायलॉइड. एकाच खुणेवर मात्र विसंबत नाहीत, संच पाहतात. आम्ही तरी वर्गातील जुळ्यांना नुसत्या दप्तरावरून कुठे ओळखतो!

आपल्या शेजारच्या मुंबईत आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाने घडवलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला २०२३ साली मंजुरी मिळाली. तो सीडी१९ हेरूनच पेशी मारतो. निरोगी बी-पेशींवरही तीच खूण असल्याने त्याही मरतात.