उजवं पाऊल आधी

मुंबईच्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना पोटमाळ्याची शिडी आठवत असेल. भिंतीला टेकवलेली, दोन उभ्या लाकडांमध्ये आडव्या पट्ट्या ठोकलेली. चढताना काही वाटायचं नाही. उतरताना मात्र तोंड शिडीकडे करून, पायाने खालची पट्टी चाचपडत यावं लागायचं. हातात तांब्या किंवा अंथरुणाची वळकटी असली तर ती आधी वरून कुणाच्या तरी हातात द्यायची आणि मग आपण उतरायचं. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिथे साधा जिना बांधायचा म्हटलं तर अडीच फूट रुंद आणि दहा फूट लांब, म्हणजे पंचवीस चौरस फूट जमीन त्यातच जाणार. मग चूल कुठे आणि अंथरूण कुठे? म्हणून शिडी.

अलीकडे छोट्या घरांच्या व्हिडिओंमध्ये शिडी आणि जिना यांच्या मधलाच एक प्रकार दिसतो. त्यातली प्रत्येक पायरी एका बाजूने कापलेली असते. एक पायरी डावीकडे रुंद, तिच्यावरची उजवीकडे रुंद, पुन्हा डावीकडे. त्याला ‘ऑल्टरनेटिंग ट्रेड’ जिना म्हणतात. पायऱ्या वल्ह्याच्या पात्यासारख्या दिसतात म्हणून ब्रिटनमध्ये तो ‘पॅडल’ जिना, तर जर्मनीत ‘सांबा’ जिना. आपण त्याला डावा-उजवा जिना म्हणू. काही जण तो पाहताच ‘पाय मोडून घ्यायचे धंदे’ म्हणून मोडीत काढतात, तर काही जण तेवढ्याच घाईने घरात बसवून घेतात. माझ्या मते दोघांनीही तो नीट पाहिलेला नसतो.

‘अर्धी पायरी, म्हणजे पाय अर्धाच टेकणार’

हा सगळ्यात मोठा गैरसमज. खरं आहे ते याच्या अगदी उलट.

घरातल्या किंवा इमारतीतल्या नेहमीच्या जिन्यावर एक प्रयोग करून पाहा. पहिल्या पायरीच्या फक्त उजव्या अर्ध्या भागावर खडूने खूण करा, दुसरीच्या डाव्या, तिसरीच्या उजव्या. आता उजव्या पायाने सुरुवात करून नेहमीसारखे चढा. दोन्ही पाय खुणांवरच पडतील. कारण उजवा पाय एक पायरी सोडून पुढच्या पायरीवर जातो आणि डावाही तसाच. प्रत्येक पायरीचा एक अर्धा भाग आपण वापरतच नाही. डाव्या-उजव्या जिन्यात हा न वापरलेला भाग कापून टाकलेला असतो, एवढंच.

आता माप पाहू. माळा आठ फूट उंचीवर आहे असं धरा. साडेसात इंचांच्या आतलेच तेरा चढ, म्हणजे साइटवरच्या भाषेत तेरा रायझर, घेतले तर मध्ये बारा पायऱ्या येतात. नेहमीच्या जिन्यात पायरी, म्हणजे ट्रेड, दहा इंचांची. बारा गुणिले दहा, म्हणजे एकशेवीस इंच, दहा फूट. जिन्याचा कल साधारण 36 अंश. डाव्या-उजव्या जिन्यात ट्रेड नऊ इंचांचा ठेवला, तरी दर पायरीला आपण पुढे सरकतो फक्त साडेचार इंच, कारण पुढची पायरी शेजारून, आधीच्या पायरीच्या निम्म्यावरच सुरू होते. बारा गुणिले साडेचार, चोपन्न इंच. म्हणजे साडेचार फूट. कल 58 अंशांच्या आसपास जातो, पण पायाखाली नऊ इंच राहतातच.

इतक्याच कलाचा साधा, पूर्ण रुंदीच्या पायऱ्यांचा जिना केला असता तर प्रत्येक पायरी साडेचार इंचांची झाली असती. तिच्यावर फक्त चवडा मावतो. उतरताना टाच वरच्या पायरीच्या कडेला घासते, पाऊल पुढे ढकललं जातं आणि तोल जातो. म्हणून तीव्र चढाच्या शिडीवरून आपण पाठमोरे उतरतो. डाव्या-उजव्या जिन्यावरून समोर पाहत, सरळ तोंडाने उतरता येतं, कारण टाचेमागची पायरी दुसऱ्या पायाची असते आणि या पायापुरती ती कापलेली असते. या जिन्याचं खरं महत्त्व त्या उतरण्यात आहे. जागेची बचत दिसते म्हणून तिचीच चर्चा होते.

सतराव्या शतकातल्या फ्रान्स्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुरचनाकाराने जिन्याचा एक हिशेब सांगितला होता: दोन रायझर अधिक एक ट्रेड मिळून माणसाच्या एका पावलाइतके, म्हणजे साधारण चोवीस इंच भरावेत. आजही जिने याच हिशेबाच्या आसपास आखले जातात. आपल्या डाव्या-उजव्या जिन्यात एका पायाला मिळणारा ट्रेड धरून बेरीज केली तर ती पावणेचोवीसच्या वर जाते. साडेचार इंची पायऱ्यांच्या जिन्यात ती विसाच्याही खाली राहते. पायाला जे जाणवतं तेच इथे आकड्यांत दिसतं.

‘चेटकिणी वर चढू नयेत म्हणून असे जिने बांधत’

अमेरिकेत न्यू इंग्लंडमधल्या जुन्या घरांबद्दल ही गोष्ट समाजमाध्यमांवर फिरते. तिला कसलाही ऐतिहासिक आधार नाही. लहान घर, उंच माळा आणि कमी जागा एवढं कारण पुरेसं होतं. आजच्या रूपातला कारखानी जिना आला तो 1980 च्या दशकात, न्यू ऑर्लिन्सच्या जेम्स लापेयर यांच्या पेटंटांमधून. त्यांचे जिने कारखान्यांत, यंत्रांच्या वरच्या फलाटांवर आणि गच्च्यांवर जायला वापरले जातात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण तिथे चढणारी माणसं ठरलेली असतात, धडधाकट असतात आणि तोच जिना रोज चढतात.

‘कुठला पाय आधी टाकला, काय फरक पडतो?’

इथे फरक पडतो, आणि तोच या जिन्याचा सगळ्यात नाजूक भाग आहे. नेहमीच्या जिन्यावर पाय चुकत नाही, कारण चुकायला काही नसतंच. इथे पहिली पायरी उजव्या पायाची असेल आणि तुम्ही डावा टाकलात, तर पायाखाली पायरी नसते. वर जाताना हे लगेच कळतं आणि तुम्ही थांबता. खरा प्रश्न वरून खाली येताना असतो, पहाटे, झोपेत, दिवा न लावता.

म्हणून जिना करवून घेण्याआधी पायऱ्या मोजा. वर जाताना जी पायरी आपल्या उजव्या हाताला असते, ती उतरताना डाव्या हाताला येते, कारण आपण तोंड फिरवलेलं असतं. म्हणजे मधल्या पायऱ्या विषम असतील, समजा अकरा, तर वर जाताना उजव्या पायाने सुरुवात होईल आणि उतरताना डाव्या. दोन वेगळ्या सवयी, आणि त्यातली धोक्याची सवय दुसरी. पायऱ्या सम असतील, समजा बारा, तर वर जाताना उजवा आणि खाली येतानाही उजवाच. लक्षात ठेवायला एकच गोष्ट. आपल्याकडे नवी सून घरात येते तेव्हा उजवं पाऊल आधी टाकते, तीच सवय या जिन्यालाही लावता येते. मिस्त्रीला ‘पायऱ्या सम ठेवा, पहिली उजव्या पायाची’ एवढं एक वाक्य सांगितलं की काम होतं. खर्च काहीच वाढत नाही. तरी हे वाक्य सांगायचं राहून जातं.

घरच्या माणसांना आठवडाभरात सवय होते. पाहुण्याला होत नाही. इंग्लंडमधल्या बांधकाम नियमांसोबतची ‘अप्रूव्हड डॉक्युमेंट के’ ही मार्गदर्शिकाही नेमकं हेच म्हणते: या जिन्याची सुरक्षितता रोजच्या वापराच्या सवयीवर अवलंबून आहे.

‘निम्मी जागा लागते, मग घराचा मुख्य जिनाच असा करू’

नाही. इथे मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

तीच इंग्लंडची मार्गदर्शिका हा जिना फक्त माळ्याचं खोलीत रूपांतर करताना, आणि तेही नेहमीचा जिना बसतच नसेल तरच चालवून घेते. त्यावरून एकाच राहत्या खोलीत जाता यावं. त्या खोलीला जोडून संडास-न्हाणीघर असलं तर चालेल, पण घरातला तो एकमेव संडास असता कामा नये. दोन्ही बाजूंना कठडे हवेत, पायरी घसरणारी नको आणि डोक्यावर दोन मीटर मोकळी जागा हवी. अमेरिकेत कारखान्यांसाठीच्या 2016 च्या सुरक्षा नियमांनी या जिन्याला 50 ते 70 अंशांचा कल आणि किमान साडेआठ इंचांचा ट्रेड ठरवून दिला आहे, पण तिथेही नेहमीचा जिना शक्य नाही हे दाखवल्याशिवाय तो बसवता येत नाही. भारताच्या 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घराच्या जिन्याचा ट्रेड किमान 250 मिलिमीटर आणि रायझर जास्तीत जास्त 190 मिलिमीटर सांगितला आहे. डावा-उजवा जिना त्या मापात बसत नाही. शिवाय घरात माळा करायचा तर स्थानिक प्राधिकरणाची परवानगी आणि इमारतीच्या स्लॅबची, भिंतीची ताकद हे प्रश्न जिन्याच्या आधीचे आहेत.

नियम असे का आहेत हे समजायला घरातली माणसं डोळ्यांसमोर आणावीत. गुडघे दुखणारी आजी एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, थांबत-थांबत चढते. या जिन्यावर दोन पाय एका पायरीवर मावतच नाहीत, म्हणजे तिची चढण्याची पद्धतच इथे चालत नाही. लहान मूलही तसंच चढतं. गरोदर बाईला उतरताना स्वतःची पावलं दिसत नाहीत. आजारी माणसाला दोघांनी धरून खाली आणायची वेळ आली तर या जिन्यावरून आणता येत नाही. कपाट वर नेता येत नाही, गादीसुद्धा वळकटी करून वरून ओढून घ्यावी लागते. आग लागली तर घाईत पाय चुकणारच.

तेव्हा हा जिना कशासाठी योग्य? अभ्यासाच्या माळ्यासाठी, एका धडधाकट माणसाच्या झोपण्याच्या फळीसाठी, पुस्तकांसाठी. ज्या खोलीत गेलं नाही तरी घर चालतं, अशा खोलीसाठी. आजीचं अंथरूण खालीच राहू द्या.

‘फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देईल’

देईलही. प्रश्न त्याला काय सांगितलं याचा आहे.

सगळे रायझर एकसारखे हवेत. वरच्या टोकाला फरशी किंवा प्लाय नंतर बसतो आणि शेवटचा चढ पाऊण-एक इंचाने बदलतो. नेहमीच्या जिन्यावर एवढ्याने ठेच लागते, इथे तोल जातो. तयार फरशी धरूनच माप घ्यायला सांगा. उघड्या रायझरमधून लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून 100 मिलिमीटरपेक्षा मोठी फट राहू देऊ नये. साडेसात इंचांच्या उघड्या रायझरमध्ये म्हणूनच एक आडवी पट्टी लागते, आणि ती हौसेची वस्तू नाही.

मग आपल्या घरांचं एक वेगळेपण. आपण घरात अनवाणी चालतो. कारखान्यात बुटांसाठी चालणारी चेकर्ड प्लेट अनवाणी तळव्याला टोचते, आणि पॉलिश केलेलं लाकूड ओल्या पायाला निसटतं. कडेला खाचा पाडलेलं, मॅट लाकूड किंवा रबराची पट्टी बरी. कापलेल्या पायरीचा कोपरा नडगीच्या उंचीवर येतो. तो गोल केलेला नसेल तर पहिल्या महिन्यातच नडगी सोलवटते. साडी नेसणाऱ्या बाईचा काठ उतरताना अशाच कोपऱ्यात अडकतो. मला वाटतं, परदेशी चित्रं पाहून हा जिना करून घेताना याच गोष्टी सुटतात.

कठडे दोन्ही बाजूंना, पहिल्या पायरीपासून वरच्या फळीच्याही थोडे पुढे. हात रिकामे हवेत. सामान खांद्यावरच्या पिशवीत.

‘माळा असला की जिना बसतोच’

साडेचार फूट लांबी लागते ती फक्त जिन्याची. पायथ्याशी आणि वर पाऊल वळवायला जागा लागते, ती कुणी धरत नाही. पायथ्याशी न्हाणीघराचं दार उघडत असेल तर तो जिना तिथे नको.

आणि उंची. जुन्या चाळींची छतं उंच होती म्हणून पोटमाळे झाले. आजच्या फ्लॅटमध्ये छत नऊ फुटांवर असतं. माळा सहा फुटांवर घेतला तरी वर तीन फूट उरतात. तिथे माणूस सरळ बसला की डोकं छताजवळ जातं. शेवटच्या पायरीवर उभं राहणं शक्य नसेल, तर माळ्यावर गुडघ्यांवर सरकत जावं लागेल, आणि उतरताना बसूनच पहिला पाय शोधावा लागेल. म्हणजे ज्या उतरण्यासाठी हा जिना केला, ते उतरणंच बिघडलं. अशा ठिकाणी नीट बांधलेली, वर हुक असलेली शिडी जास्त प्रामाणिक. किंवा जपानमधल्या जुन्या घरांसारखी खणांची कपाटं पायऱ्यांच्या रूपात. त्यांना जागा जास्त लागते, पण ती जागा कपडे आणि भांडी ठेवायला परत मिळते.

ज्यांच्या घरात हे सगळं जुळतं, त्यांनी एक करावं. फॅब्रिकेटरला जिना आधी फक्त वेल्डिंगच्या टाक्यांवर जोडून उभा करायला सांगावा, पक्कं वेल्डिंग नंतर. मग घरातल्या प्रत्येकाने दहा वेळा वर-खाली करावं. एकदा अनवाणी, एकदा पायमोजे घालून, एकदा रात्री फक्त झिरोचा दिवा लावून. वरच्या कडेला उभं राहून खाली पाहताना घरातलं कुणी थबकलं, तर का थबकलं ते विचारावं आणि जिना पक्का करायचा की नाही हे त्या माणसाला ठरवू द्यावं.