मूत्राशयाची मान सैल करणारे वायू

मूत्राशय आवळले की लघवी होते, हे अर्धेच खरे. त्याच क्षणी मूत्राशयाची मान आणि मूत्रमार्ग सैल पडले नाहीत, तर सारा जोर वाया जातो. हे सैल करण्याचे काम मज्जातंतू प्रामुख्याने नायट्रिक ऑक्साइड या वायूकडून करून घेतात. तो साठवला जात नाही. गरज पडताच तयार होतो, पेशीपटलातून थेट स्नायूत शिरतो, तिथे सीजीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतो, पेशीतले कॅल्शियम उतरते आणि स्नायू ढिला होतो. काही सेकंद टिकणारा वायू निरोप कसला पोचवणार, ही शंका रास्त आहे. पण तो बनवणारे एन्झाइम रोखले की प्रयोगशाळेत मूत्रमार्गाच्या स्नायुपट्टीचे मज्जातंतूंमुळे होणारे सैलावणे बहुतांशी थांबते. तरीही सारे श्रेय त्या एकट्याला देणे मला पटत नाही. डुकराच्या मूत्राशयाच्या मानेत हायड्रोजन सल्फाइडचाही, सडक्या अंड्याच्या वासाच्या त्या वायूचा, वाटा दिसला आहे. मूत्राशयाच्या भिंतीवर तर नायट्रिक ऑक्साइडचा थेट परिणाम फारच कमी. सीजीएमपी टिकवून धरणारे टाडालाफिल हे औषध अमेरिकेत २०११पासून प्रोस्टेटवाढीतल्या लघवीच्या त्रासावर मान्य आहे. छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी मात्र ते घेऊ नये, रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो.