पणिक्कर, कावालम् माधव
(३ जून १८९५–१० डिसेंबर १९६३). भारतीय मुत्सद्दी, इतिहासकार व मलयाळम् साहित्यिक. जन्म त्रावणकोर संस्थानातील कावालम् ह्या गावी. मद्रास व ऑक्सफर्ड येथे उच्च शिक्षण. अलीगढ येथील अध्यापन आणि हिंदुस्थान टाइम्स ह्या दैनिकाचे संपादन ह्यांनंतर ते संस्थानी कारभारात शिरले. नरेंद्र मंडळ, पतियाळा व बिकानेर येथे त्यांनी जबाबदारीची पदे भूषविली. बिकानेरचे दिवाण असताना (१९४४–४७) त्या संस्थानाने संविधान सभेत प्रारंभीच सामील व्हावे, ह्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारताजवळ अनुभवी राजदूतांचा वर्ग नव्हता. त्यामुळे विद्वान, राजकारणी व संस्थानी कारभारी ह्यांतून राजदूत निवडावे लागले. १९४८ मध्ये पणिक्कर ह्यांची चीनमध्ये नियुक्ती झाली. नानकिंग येथे त्यांनी चँग कै-शेकच्या राजवटीची अखेर पाहिली. डिसेंबर १९४९ मध्ये भारताने साम्यवादी शासनास मान्यता दिली व २० मे १९५० रोजी त्यांनी माओ-त्से-तुंग ह्यांना आपली अधिकारपत्रे सादर केली. अशा रीतीने एकाच देशातील दोन परस्परविरोधी राजवटींकडे त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

कोरियन युद्धाच्या काळात त्यांच्या पदाला असाधारण महत्त्व आले. चीन व अमेरिका ह्यांच्यात राजनैतिक संबंध नसल्याने पेकिंगमधील भारतीय वकिलात हा संपर्काचा एक प्रमुख मार्ग होता. ३ ऑक्टोबर १९५० रोजी मध्यरात्रीनंतर चौ एन-लाय ह्यांनी पणिक्कर ह्यांना बोलावून घेतले. अमेरिकी सैन्याने ३८ अक्षांश ओलांडल्यास चीन युद्धात उतरेल, असे त्यांनी सांगितले. हा इशारा दिल्लीमार्गे लंडन व वॉशिंग्टन येथे पोहोचला. परंतु तेथे तो गंभीरपणे घेतला गेला नाही. पणिक्कर चीनच्या बाजूला झुकलेले आहेत, अशी समजूत त्यामागे होती. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनीही पुढे आपल्या आठवणींत हा संशय नमूद केला. अमेरिकी सैन्याने अक्षांश ओलांडला आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वीच चिनी सैन्य कोरियात उतरले. इशारा खरा ठरला. युद्ध मात्र जुलै १९५३ पर्यंत चालले.

तिबेटच्या बाबतीत चित्र वेगळे होते. त्याच ऑक्टोबरात चिनी फौजा तिबेटमध्ये शिरल्या. वल्लभभाई पटेल ह्यांनी ७ नोव्हेंबर १९५० च्या पत्रात, भारतीय राजदूत चीनच्या कृतींचे समर्थन शोधण्याची शिकस्त करीत आहेत, अशा आशयाची टीका नेहरूंकडे केली. चीनच्या हेतूंविषयी पणिक्कर ह्यांचे अनुमान अतिआशावादी होते, हा आक्षेप १९६२ च्या युद्धानंतर अधिक तीव्र झाला.

ह्या दोन घटनांवरून राजदूताच्या कार्यातील मूलभूत अडचण स्पष्ट होते. यजमान राष्ट्राचा विश्वास संपादन केल्याखेरीज त्याचे मनोगत कळत नाही. परंतु तोच विश्वास इतरांच्या दृष्टीने पक्षपाताचा पुरावा ठरू शकतो, आणि प्रसंगी राजदूताच्या स्वतःच्या परीक्षणशक्तीलाही बाधा आणतो. पणिक्कर ह्यांचे यश व अपयश ही दोन्ही चिनी नेत्यांशी असलेल्या त्यांच्या सान्निध्यातूनच उद्‌भवली.

पुढे त्यांनी ईजिप्त (१९५२-५३) व फ्रान्स (१९५६–५९) येथे राजदूत म्हणून काम केले. मधल्या काळात फाजल अली ह्यांच्या अध्यक्षतेखालील राज्यपुनर्रचना आयोगाचे ते सदस्य होते. ह्या आयोगाने १९५५ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य व स्वतंत्र विदर्भ ह्यांची शिफारस केल्याने महाराष्ट्रात तीव्र असंतोष उसळला.

इंडिया अँड द इंडियन ओशन (१९४५) ह्या ग्रंथात त्यांनी भारताच्या सुरक्षिततेसाठी नाविक सामर्थ्याची निकड प्रतिपादिली. एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स (१९५३) हा त्यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ होय. इन टू चायनाज (१९५५) मध्ये चीनमधील अनुभव आले आहेत. केरळ साहित्य अकादमीचे ते पहिले अध्यक्ष होते. म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना म्हैसूर येथे त्यांचे निधन झाले.