बासचा हंगाम पारा ठरवतो

अमेरिकेत गोड्या पाण्यातील बास गळाने पकडण्याचा छंद इतका रुजलेला आहे की या माशासाठी सर्वांत चांगला ऋतू कोणता, हा प्रश्न तेथील हौशी मासेमारांत सतत चर्चिला जातो आणि त्याचे उत्तरही बहुधा तेच येते: पहिला वसंत, मग शरद, त्यानंतर उन्हाळा आणि सर्वांत शेवटी हिवाळा. या क्रमामागे पिढ्यांचा अनुभव असल्यामुळे तो मोडीत काढता येत नाही. परंतु मासा ज्या काळात सहज गळाला लागतो तोच त्याचा भरपेट खाण्याचा काळ असतो, हे त्यामागचे गृहीतक मात्र तपासून पाहण्यासारखे आहे, कारण बासच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींपासून बऱ्याच दूर गेलेल्या दिसतात.

या छंदाचा खरा नायक म्हणजे लार्जमाउथ बास. हिरवट अंगाच्या आणि कुशीवर काळसर पट्टा मिरवणाऱ्या या शिकारी माशाचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत पोहोचतो, आणि लहान मासे, बेडूक व गोड्या पाण्यातील झिंग्यासारखे कवचधारी प्राणी यांवर तो जगतो. इतर बहुतेक माशांप्रमाणे त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर वरखाली होत असल्याने त्याची पचनशक्ती, वाढ आणि चपळाई या तिन्हींची सूत्रे पाण्याच्या हाती असतात, आणि सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानाला त्याची वाढ सर्वांत जोमाने होते. एवढ्यावरून हिशेब मांडला तर त्याची भूक ऐन उन्हाळ्यात सर्वाधिक असते, हे उघड आहे. तरीही पहिली पसंती वसंताला मिळते.

त्याचे कारण प्रजननात आहे. पाणी १० अंशांच्या पुढे तापू लागले की खोल पाण्यात हिवाळा काढलेले बास उथळ काठांकडे सरकतात, आणि ते साधारण १५ अंशांवर गेले की नर वाळूच्या किंवा खड्यांच्या तळावर शेपटीने गाळ झाडून उथळ बशीसारखे घरटे तयार करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते. पुढची सारी राखण नराची. अंडी काही दिवसांत फुटतात, पण पिलांचा थवा स्वतंत्र होईपर्यंत नर आठवडे न् आठवडे जागेवरून फारसा हलत नाही आणि त्या काळात अन्नाच्या मागेही फारसा लागत नाही. घरट्यावरून सरकणारा गळाचा प्लॅस्टिकचा किडा तो तोंडात धरतो तो प्रामुख्याने शत्रूला हुसकावण्यासाठी. याचा अर्थ असा की वसंतातील ज्या झुंजार चाव्यांचे कौतुक होते, त्यांतील कित्येक चावे बापाच्या रागाचे असतात. हा वसंतही एका तारखेला येत नाही: दक्षिण फ्लॉरिडात घरटी ऐन हिवाळ्यात दिसू लागतात, तर मिनेसोटात त्यासाठी मे किंवा जून उजाडावा लागतो.

हा राग सर्व बासमध्ये सारखा नसतो, हे इलिनॉय राज्यातील रिज लेक या छोट्या तलावावर १९७५ साली सुरू झालेल्या प्रयोगातून दिसून आले. तेथे पकडलेला प्रत्येक मासा नोंदवून पाण्यात परत सोडला जात असे. चार वर्षांनी तलाव उपसला तेव्हा १,७०० हून अधिक बास हाती आले आणि त्यांपैकी सुमारे २०० एकदाही गळाला लागलेले नव्हते, तर काही पुन्हा पुन्हा पकडले गेले होते. डेव्हिड फिलिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन टोकांच्या माशांची वेगवेगळी वीण तीन पिढ्या चालवली आणि २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत गळाला फसण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असल्याचे दाखवून दिले. या संशोधनाच्या पुढच्या टप्प्यात हाती आलेली गोष्ट अधिक बोचरी आहे: सहज फसणाऱ्या वाणातील नर घरट्याची राखण अधिक डोळ्यांत तेल घालून करतात. म्हणजे वसंतातील गळ तलावातील सर्वांत कर्तव्यदक्ष बाप आधी वेचून काढतो. नर थोडा वेळ जरी बाजूला झाला तरी ब्लूगिल नावाचे लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात, त्यामुळे पकडून सोडून दिल्याचे समाधानही येथे पुरेसे ठरत नाही.

म्हणूनच उत्तरेकडील अनेक प्रांतांत या काळात बास पकडून नेण्यावर बंदी असते. न्यू यॉर्क राज्याने २०२२ पासून पकडून लगेच सोडण्यास वर्षभर मुभा दिली असली, तरी मासा घरी नेण्याचा हंगाम तेथे १५ जूनलाच उघडतो. घरटी उद्ध्वस्त झाल्याने तलावातील एकूण संख्या घटते की नाही, याविषयी संशोधकांत एकमत नाही, कारण काही ठिकाणी मोजक्या यशस्वी घरट्यांतूनही पुरेशी पिले निपजतात. महाराष्ट्राला हा पेच अपरिचित नाही. पहिल्या पावसात ओढ्याच्या धारेविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे गाभोळीने भरलेले असतात आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत सहज सापडतात, तर समुद्रात १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी पाळली जाते.

उन्हाळ्याचे कोडे सोडवण्यासाठी माशाकडून पाण्याकडे वळावे लागते. पाणी सर्वांत जड असते ते ४ अंशांना, आणि तेथून ते जसजसे तापते तसतसे हलके होत जाते. पण हे हलके होणे सम प्रमाणात नसते. ४ वरून ५ अंशांवर जाताना घनतेत जो फरक पडतो त्याच्या सुमारे ३० पट फरक २४ वरून २५ अंशांवर जाताना पडतो. त्यामुळे उन्हाने तापलेला वरचा थर खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहतो आणि वाऱ्यालाही ते दोन थर एकमेकांत मिसळता येत नाहीत. घरातील साठवणीच्या गीझरमध्ये थंड पाणी तळाशी सोडून गरम पाणी माथ्यावरून घेता येते ते याच गुणामुळे. तलावातील या दोन थरांच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, ज्यात काही मीटर उतरताच तापमान झपाट्याने घसरते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात.

हे नाव १८९७ साली रूढ करणारे एडवर्ड बर्ज यांचा उल्लेख बासच्या सल्ल्यांत जवळजवळ कधीच होत नाही, आणि हे अन्यायकारक आहे. १८५१ साली जन्मलेले बर्ज १८७५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात निसर्गेतिहास शिकवण्यासाठी आले. त्यांची आवड पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची. हे प्राणी तलावात किती खोलीवर राहतात हे मोजण्यासाठी त्यांनी मॅडिसन शहरालगतच्या, सुमारे २५ मीटर खोल असलेल्या मेंडोटा तलावात जाळी सोडली, तेव्हा उन्हाळ्यात एका ठरावीक खोलीखाली त्यांची वस्ती एकाएकी संपते असे त्यांना आढळले. त्याच खोलीवर तापमानात पडणाऱ्या उडीची नोंद ऑस्ट्रियातील तलावांवर एडुआर्ड रिख्टर यांनी आधी केली होती आणि सरोवरविज्ञान ही शाखाच मुळी जिनिव्हा सरोवर आयुष्यभर अभ्यासणाऱ्या फोरेल यांनी उभी केली होती. परंतु जीवसृष्टी त्या रेषेपाशी का थांबते, हा प्रश्न बर्ज यांनी धसास लावला. चान्सी जूडे या सहकाऱ्याबरोबर विस्कॉन्सिनमधील अनेक तलावांच्या पाण्यातील विरघळलेले वायू मोजून त्यांनी १९११ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात याचे उत्तर आहे. वरच्या थरातून मरून पडणारे सेंद्रिय द्रव्य तळाशी कुजताना तेथील ऑक्सिजन संपवते आणि थर बंद असल्याने हवेतून नवा ऑक्सिजन खाली उतरू शकत नाही.

सुपीक तलावांत भर उन्हाळ्यात बास थर्मोक्लाइनच्या फार खाली का आढळत नाही, हे या एका निष्कर्षातून उलगडते. १९५९ साली बाजारात आलेल्या लोरन्स यांच्या हिरव्या पेटीपासून पुढे प्रतिध्वनीवर चालणारी जी मासेशोधक यंत्रे निघाली, त्यांच्या आजच्या पडद्यांवर ही सीमा धूसर रेघेसारखी दिसतेही, आणि ती पाहून गळ किती खोल सोडायचा हे ठरवणारा मनुष्य बर्ज यांच्याच कामाचा लाभ घेत असतो. बर्ज पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि उत्क्रांतीच्या प्रश्नावर विल्यम जेनिंग्ज ब्रायन या बड्या राजकारण्याशी त्यांचा जाहीर वादही झडला, पण त्यांच्या दीर्घ आयुष्याचा गाभा हा तलावच राहिला.

उन्हाळ्यात बासची भूक मोठी असते, पण त्याच्यापुढचे ताटही भरलेले असते, आणि तो उथळ काठ सोडून पाणवनस्पतींच्या दाटीत किंवा बुडालेल्या नदीपात्रांच्या कडांवर विखुरतो. टेनेसी नदीवरील केंटकी लेकसारख्या जलाशयांत अशा कडांवर बासचे मोठे थवे जमतात, आणि ती जागा सापडलेल्यांना उन्हाळा मुळीच वाईट वाटत नाही. हौशी मंडळींची तक्रार प्रामुख्याने मासा खात नसल्याची नसते; तो कोठे आहे हे न कळल्याची असते.

शरदात वरचा थर थंड होऊन जड होतो, दोन्ही थरांतील घनतेचा फरक मिटतो आणि वाऱ्याच्या जोरावर सारा तलाव तळापर्यंत घुसळला जातो. ऑक्सिजनहीन तळपाणी वर आल्याने या घुसळणीच्या दिवसांत मासा कधी कधी रुसल्यासारखा वागतो, पण ती आटोपली की सर्व खोल्या त्याला पुन्हा खुल्या होतात. दक्षिणेकडील जलाशयांत शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे याच सुमारास उपनद्यांच्या मुखांत शिरतात आणि बास त्यांच्या मागोमाग उथळ पाण्यात येतो. शरदाची पसंती म्हणजे बरीचशी या शॅडची कृपा आहे. हिवाळ्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही: पचन मंदावते, चावे विरळ होतात, पण मासा खाणे सर्वस्वी सोडत नाही.

ऋतूंच्या या हिशेबात चंद्राला मिळालेले स्थान मात्र संशयास्पद आहे. जॉन आल्डन नाइट यांनी १९२६ पासून विकसित केलेली, चंद्र व सूर्य यांच्या स्थितीवरून माशांच्या चाव्याच्या वेळा सांगणारी कोष्टके आता मोबाइलवर मिळतात आणि श्रद्धेने पाळली जातात. कोकणातील कोळी तिथी पाहून उधाण आणि भांग यांचा अंदाज बांधतात त्याला भरतीच्या प्रवाहांचा प्रत्यक्ष आधार असतो. तलावात जाणवेल अशी भरती येतच नाही, आणि तापमानामागे जितका भक्कम पुरावा आहे तितका या कोष्टकांमागे उभा राहिलेला नाही.

विक्रमांकडे पाहिले तरी वसंताचा दावा डळमळतो. जॉर्जिया राज्यातील मॉन्टगोमेरी लेकमध्ये जॉर्ज पेरी यांनी पकडलेला २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १०.०९ किलो वजनाचा बास २ जून १९३२ चा आहे, आणि जपानमधील बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्याच्याशी बरोबरी साधली ती २ जुलै २००९ रोजी. कुरिता यांचा मासा किंचित जड भरला, पण जुना विक्रम मोडण्यासाठी किमान २ औंसांचा फरक लागत असल्याने दोघांची नावे शेजारी शेजारी लागली. दोन नोंदींवरून नियम सिद्ध होत नाही. मात्र दोन्ही मासे उन्हाळ्यातले आहेत, हे वसंताच्या भक्तांनी विसरू नये.

बिवामध्ये बास हा परका आणि स्थानिक माशांना घातक मानला जातो, त्यामुळे शिगा प्रांतात पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास मनाई आहे. पण ऋतूंचे गणितही आता बदलते आहे: त्या सरोवराच्या खोल उत्तर भागाची घुसळण दर हिवाळ्यात पूर्ण होत असे. १९७९ मध्ये नियमित मोजमाप सुरू झाल्यापासून प्रथमच २०१९ च्या हिवाळ्यात ती अपुरी राहिली आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा घडले. मेंडोटाच्या बर्फाच्या नोंदी १८५० च्या दशकापासून आहेत आणि तेथील बर्फाचा मुक्काम आता तेव्हाच्या तुलनेत सुमारे एक महिन्याने आखूड झाला आहे. पाणी लवकर तापू लागले तर घरटीही लवकर बांधली जातील, परंतु न्यू यॉर्कच्या नियमपुस्तिकेत १५ जून ही तारीख कायम आहे, आणि ती तारखेऐवजी तापमानाला बांधावी कशी, या प्रश्नाला गस्तीवरील कर्मचाऱ्याला राबवता येईल असे सोपे उत्तर अजून कोणी सुचवलेले नाही.