ओळखीची गोष्ट, अनोळखी गोष्ट

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला मौजमजेसाठी फार लांब जावे लागत नाही. नेरूळला महानगरपालिकेचे वंडर्स पार्क २०१२ साली सुरू झाले. ताजमहाल, चीनची भिंत, रोमचे कलोसियम अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तेथे एका फेरफटक्यात पाहून होतात. द्रुतगती मार्गाने पुण्याच्या दिशेने गेले की खोपोलीजवळ २०१३ साली उघडलेले इमॅजिका लागते. तेथे 'मिस्टर इंडिया' या १९८७ सालच्या चित्रपटावर बेतलेली राइड आहे आणि अलिबाबा व चाळीस चोरांचीही आहे. या दोन्ही ठिकाणी फिरताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. येथील बहुतेक सर्व गोष्टी आपल्याला आधीच ठाऊक कशा? ज्यांचा धंदाच नवल दाखवण्याचा, ते जुनेच नवल पुन्हा पुन्हा का दाखवतात?

हाच प्रश्न आज कार्टूनपटांच्या बाबतीतही विचारला जातो. नवी, स्वतंत्र कथा असलेला कार्टूनपट लोकांना नकोसा झाला आहे काय? हे दोन प्रश्न एकमेकांत कसे गुंतले आहेत, ते प्रस्तुत लेखात पाहण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम राइडचे दोन प्रकार वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार निव्वळ शरीराला कळणारा. जत्रेतला आकाशपाळणा हा त्याचा आजोबा आणि इमॅजिकातील 'नायट्रो' हा त्याचा दांडगा नातू. ही गाडी सुमारे ४० मीटर उंच ओढत नेतात आणि सोडून देतात. पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. घर्षण बाजूला ठेवले तर ४० मीटर खाली येताना गाडीला ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग मिळतो. मग गाडीत पैलवान बसलेले असोत की आमच्या वर्गातील सडपातळ मंडळी. गाडी उलटी फिरते ते कडे अचूक गोल नसते. ते वर निमुळते आणि खाली पसरट असते. कारण अगदी गोल कड्याच्या तळाशी शिरताना शरीरावर असह्य दाब येईल. येथे कथेची गरजच नसते. पोटात गोळा येणे ही जगातील सर्व भाषांत समजणारी कथा आहे.

दुसरा प्रकार अंधाऱ्या दालनांतून गाडीत बसून जाण्याचा. येथे गोष्ट सांगायची असते, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. साधा हिशेब करू. समजा, एका गाडीत ८ माणसे बसतात आणि दर ३० सेकंदांनी एक गाडी सुटते. म्हणजे तासाला १२० गाड्या आणि ९६० माणसे. आता कथाकाराने म्हटले की, 'हा नायक कोण, त्याचे दुःख काय, हे मला नीट समजावून द्यायचे आहे. या दृश्यापाशी गाडी दीड मिनिट थांबवा.' पुढची गाडी थांबली की मागचीही थांबली. मग दर दीड मिनिटाला एकच गाडी सुटणार. तासाला ४० गाड्या, ३२० माणसे. बाहेर उन्हात उभी असलेली रांग तिप्पट लांब होणार. म्हणून राइड आखणारा माणूस गोष्टीला वेळ देऊ शकत नाही. सारा खेळ चार-पाच मिनिटांचा. त्यात अंधार, गाडीचा खडखडाट आणि शेजारच्याच्या किंकाळ्या. अशा वेळी लांब संवाद ऐकणार कोण?

अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडले तेव्हा याचा एक मजेदार अनुभव आला. 'स्नो व्हाइट' हा १९३७ सालचा कार्टूनपट घरोघरी माहीत होता. त्यावरील राइडमध्ये स्नो व्हाइटची बाहुलीच ठेवली नव्हती. प्रेक्षक स्वतःच स्नो व्हाइट आहे, तिच्या डोळ्यांनी तो जंगल आणि चेटकीण पाहतो, अशी कल्पना होती. कल्पना सुंदर, पण लोकांना ती उमगेना. नायिका कोठे आहे, असे ते विचारू लागले. अखेर १९८३ साली नूतनीकरण झाले तेव्हा तिची बाहुली बसवली गेली. इतक्या प्रसिद्ध कथेची ही गत, तर अनोळखी कथेचे काय होणार?

यावरून असा निष्कर्ष निघेल की राइडला चित्रपटाची कुबडी लागतेच. पण तो घाईचा ठरेल. त्याच डिस्नेलँडमध्ये १९६७ साली समुद्री चाच्यांची आणि १९६९ साली भुताच्या वाड्याची राइड सुरू झाली. दोहोंमागे कोणताही चित्रपट नव्हता. उलट चाच्यांच्या राइडवरून २००३ साली चित्रपट निघाला आणि तो जगभर चालला. भुताच्या वाड्यात गाड्या एका अखंड साखळीला जोडलेल्या असतात, त्यामुळे रांग सतत सरकत राहते. शिवाय आखणाऱ्याला हवे तेथेच गाडीचे तोंड वळते. तेथे नाचणारी भुते दिसतात ती काचेतील प्रतिबिंबे. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या रंगमंचावरची आहे.

या राइड का चालल्या? माझ्या मते त्यांतील पात्रे नवी होती, पण जागा ओळखीच्या होत्या. पडका वाडा पाहिला की तेथे भूत असणार, हे कोणी सांगावे लागत नाही. इमॅजिकातील 'सलीमगढ' हा भुताटकीचा किल्ला याच जातीचा. महाराष्ट्रात किल्ला आणि भूत यांची ओळख करून द्यायला दीड मिनिट नव्हे, दीड सेकंदही लागत नाही. तेव्हा राइडला ओळखीचे पात्रच हवे असते असे नाही, तिला ओळखीचा उंबरठा हवा असतो. एवढे मिळाले की आतली गोष्ट नवी असली तरी चालते.

आता चित्रपटाकडे वळू. त्याच्याजवळ चार मिनिटे नसून दीड तास असतो. अनोळखी पात्राची ओळख करून देण्यास त्याला पुरेसा अवकाश आहे. तरीही मोठ्या कंपन्या मूळ कथांना बिचकतात. 'इनसाइड आउट' या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाने २०२४ साली जगभरात सुमारे १६९ कोटी डॉलर मिळवले. त्याच पिक्सार संस्थेचा 'इलिओ' हा नव्या कथेचा चित्रपट २०२५ साली आला, तेव्हा अमेरिकेतील त्याची पहिल्या आठवडाअखेरची कमाई त्या संस्थेच्या इतिहासात सर्वांत कमी ठरली. हे पाहून लोकांना नवे नकोच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

मला ते पटत नाही. २०२३ सालचा 'एलिमेंटल' आरंभी असाच पडला होता. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत त्याने तीन कोटी डॉलरही गाठले नाहीत. पण पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितले, आणि तो हळूहळू जगभरात जवळपास ५० कोटींपर्यंत गेला. २०२५ साली 'केपॉप डीमन हंटर्स' ही नवी कोरी कथा नेटफ्लिक्सवर आली आणि तेथील सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरली. घरी बसून नवे पाहताना कोणाचेच नुकसान होत नाही. चौघांचे कुटुंब चित्रपटगृहात जाते तेव्हा मात्र तिकिटे आणि खाणे मिळून चांगलीच रक्कम खर्च होते. तेथे आईबाप धोका पत्करत नाहीत. तात्पर्य, लोकांची भूक आटलेली नाही. आधी पैसे मोजून मग चव घेण्याची त्यांची तयारी कमी झाली आहे.

आपल्याकडची परंपराही विचारात घेतली पाहिजे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' हा आगकाड्या हलवून केलेला लघुपट काढला. त्यात ना पुराण होते ना इतिहास. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनच्या 'एक अनेक और एकता' या लघुपटाने देशभरची मुले नादावली. त्यामागे विजया मुळे आणि भीमसेन होते. परंतु पूर्ण लांबीच्या चित्रपटांत यश मिळाले ते मुख्यतः देवादिकांना. २००५ चा 'हनुमान' आणि २०२५ चा 'महावतार नरसिंह' ही ठळक उदाहरणे. यात श्रोत्यांचा दोष नाही. कीर्तनाला जाणाऱ्याला आख्यान पाठच असते. तो ऐकायला जातो ते बुवा कसे रंगवतात ते. 'छोटा भीम'ने २००८ पासून मोठी चतुर युक्ती केली. नाव महाभारतातले घेतले आणि गोष्टी सर्वस्वी नव्या सांगितल्या. उंबरठा ओळखीचा, घर नवे.

हा विषय मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही, त्याला एक कारण आहे. माझी मावसबहीण ॲनिमेशन शिकली. पाच वर्षे ती एका परदेशी मालिकेतील पात्रांचे हात, केस आणि सावल्या हलवत आहे. पात्रे तिकडची आणि कथाही तिकडची. तिच्या स्वतःच्या वहीत मात्र खाडीतल्या रोहित पक्ष्यांची चित्रे आहेत. ती कोणाला दाखवावीत हे तिला कळत नाही. आपल्या आसपासची अनेक हुशार मुले या क्षेत्रात शिरत आहेत. नवी कथा चालत नाही हा समज पक्का झाला, तर या साऱ्यांच्या हाती आयुष्यभर दुसऱ्यांच्या सावल्या हलवणेच उरेल.

वास्तविक त्या वहीत एक उत्तम राइड दडलेली आहे. ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नवी मुंबईतील शाळकरी मुलालाही तो गुलाबी थवा माहीत आहे. म्हणजे उंबरठा तयार आहे. गाडी अंधारातून निघावी, भरतीचे पाणी वाढत जावे, खारफुटीच्या मुळांतून वाट काढावी, पाखरांनी डोक्यावरून उडावे आणि खाली शहराचे दिवे लागावेत. चार मिनिटांत, एकाही संवादाविना सारे समजेल. ज्या मुलाला त्यातील चुकलेले पिल्लू आवडेल, तो पुढे त्याची दीड तासाची गोष्टही पाहायला येईल.

तेव्हा वाचक मित्रांना एकच सुचवावेसे वाटते. नवा, अनोळखी कार्टूनपट लागला तर पहिल्याच आठवड्यात जावे आणि आवडला तर चार जणांना सांगावे. 'एलिमेंटल'ला तारले ते अशाच सांगण्याने. आपल्या खाडीच्या गोष्टीलाही कधीतरी त्याचीच गरज पडेल.